काळ्या दगडावरची रेघ

मागच्या वेळी आपण 'ऐतिहासिक पुरावा म्हणजे काय' इथवर आलो होतो. आज शिलालेख आणि ताम्रपट. आमचा विषय तत्त्वज्ञान. पुराभिलेखाचं रीतसर शिक्षण आम्ही घेतलेलं नाही, ही कबुली आधीच दिलेली बरी. पण प्रमाणशास्त्र शिकवण्यात आमची हयात गेली, आणि साक्षीदाराचा शब्द केव्हा मानायचा, किती मानायचा हा प्रश्न लेण्याच्या भिंतीसमोर उभं राहिल्यावर जितका टोचतो तितका वर्गात कधी टोचत नाही.

एखादी गोष्ट पक्की आहे, आता ती बदलायची नाही, हे सांगायचं तर आपण म्हणतो 'काळ्या दगडावरची रेघ'. सह्याद्रीच्या कातळात लेणी खोदणाऱ्या मुलखात असा वाक्प्रचार असावा यात नवल नाही. पण रेघ पुसली जात नाही एवढंच तो सांगतो. ती खरी आहे की नाही हा वेगळा प्रश्न. टिकाऊपणा आणि खरेपणा यांची आपण नेहमी गल्लत करतो. छापलेलं खरं, आणि कोरलेलं त्याहून खरं! कुणी वाद घालायला लागलं की 'शिलालेखात आहे' म्हणायचं, की समोरचा गप्प. आपल्याला आज तिथूनच सुरुवात करायची आहे.

आधी घरचं उदाहरण घेऊ. पुण्याचे सर्वांत जुने लेखी उल्लेख राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या दोन ताम्रपटांत मिळतात. एक इसवी सन ७५८चा, दुसरा ७६८चा. पहिल्यात 'पुण्य विषय' असा शब्द आहे, दुसऱ्यात 'पूनक विषय'. विषय म्हणजे आजच्या हिशोबाने जिल्ह्या-तालुक्यासारखा मुलूख. थेऊर, उरुळी, भोसरी, कळस अशी आपल्या रोजच्या ओळखीची गावं या ताम्रपटांतून ओळखली गेली आहेत. आता, पुण्याची माहिती पुढच्या पिढ्यांना द्यावी हा या ताम्रपटांचा हेतू मुळीच नव्हता. राजाला दान द्यायचं होतं. कुठलं गाव, कुठल्या विषयातलं, त्याच्या चारही बाजूंना काय, हे लिहिल्याशिवाय दान पक्कं होत नाही. उद्या कुणी भांडण काढलं तर? म्हणून पुण्याचं नाव आलं, पाकिटावरच्या पत्त्यात यावं तसं. बाराशे वर्षांनी पाकिटातलं पत्र कुणाच्या फारसं ध्यानात नाही, पत्ता मात्र आपण जपून ठेवलाय.

आणि तो पत्तासुद्धा सरळ नाही बरं का. 'पुण्य' हे मूळ नाव, म्हणून पुणे ही पुण्यनगरी, असं अभिमानाने सांगणारे पुष्कळ भेटतात. पण दहाच वर्षांनी त्याच राजाचा लेखनिक 'पूनक' लिहितो. संस्कृतात लिहिणाऱ्याला लोकांच्या तोंडचं नाव धुऊन-पुसून, संस्कृताचा अंगरखा घालून लिहायची सवय असते. तेव्हा त्यातलं लोकांचं कुठलं आणि लेखनिकाचं कुठलं, हे विचारल्याशिवाय 'पुण्य' पदरात पाडून घेऊ नये.

लेख ज्यासाठी कोरला ते एक, आणि लेखातून जाता जाता जे सांडलं ते दुसरं. एवढं मनात धरून आपण नाशिकला जाऊ.

नाशिकची पांडवलेणी. पांडवांचा त्यांच्याशी काही संबंध नाही. लेखांमध्ये त्या डोंगराला 'तिरण्हु' म्हटलंय, म्हणजे त्रिरश्मी. तिथल्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत दाराच्या वर एक मोठा लेख आहे. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या कारकिर्दीच्या १९व्या वर्षी त्याची आजी गौतमी बलश्री हिने हे लेणं भिक्षूंना दान दिलं, त्याचा हा लेख. पण दानाची हकिकत थोडी, आणि तिच्या दिवंगत मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, थोरवी फार. शक, यवन, पह्लव यांचा नाश करणारा. क्षहरातांचा वंश निःशेष करणारा. ज्याची वाहनं तीन समुद्रांचं पाणी प्याली असा. चातुर्वर्ण्याचा संकर थांबवणारा. असिक, अश्मक, मूलक, सुराष्ट्र, कुकुर, अपरांत, अनूप, विदर्भ, आकर-अवंती इतक्या देशांचा राजा. प्राकृतातला हा लेख मोठ्याने वाचला तर समासांमागून समास धावत येतात, ऐकणारा भारावून जातो.

आम्हीही भारावलो होतो. वर्गात अनेक वर्षं आम्ही हा लेख 'सातवाहनांच्या वैभवाचा पुरावा' म्हणून सांगितला. लेखात आहे, तेव्हा आहे!

पण त्याच ओसरीत, बाजूच्या भिंतीवर, छताच्या लगत आणखी दोन लेख आहेत, एकाखाली एक. ते गौतमीपुत्राच्या हयातीतले आहेत, आणि त्यांत त्याची स्तुती जवळजवळ नाही. पहिला त्याच्या १८व्या वर्षाचा. बेनाकटक इथल्या विजयी छावणीतून गोवर्धनच्या अमात्याला, विष्णुपालिताला, हुकूम जातो : अपर-कखडी गावातलं उषवदाताच्या ताब्यातलं २०० निवर्तनं शेत या डोंगरावरच्या भिक्षूंना द्यावं. आज्ञा तोंडी दिली गेली, शिवगुप्त नावाच्या अमात्याने ती लिहिली, अशी नोंदही पुढे आहे. दुसरा हुकूम सहा वर्षांनंतरचा, २४व्या वर्षाचा. आता गोवर्धनला अमात्य श्यामक आहे. हुकमाचा आशय असा : आम्ही पूर्वी कखडी गावात भिक्षूंना शेत दिलं होतं. ते शेत कसलं जात नाही. ते गावही वसत नाही. तेव्हा नगराच्या सीमेवरच्या राजकीय शेतीतलं १०० निवर्तनं शेत त्यांना द्यावं.

बस्स. शेत कसलं जात नाही आणि गाव वसत नाही. या दोन बारीकशा वाक्यांवरून आम्ही वर्षानुवर्षं पुढे निघून जात होतो, कारण आम्हाला तीन समुद्रांकडे जायची घाई असायची. एका वर्षी आम्ही असेच पुढे निघालो, तर मागच्या बाकावरून एका विद्यार्थ्याने विचारलं, 'सर, गाव उठलं कशानं?' त्याचं स्वतःचं गाव धरणाखाली गेलेलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. त्या क्षणी आमच्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर प्रश्नच नव्हता.

आता विचार करा. शेत पूर्वी उषवदाताचं. उषवदात म्हणजे क्षहरात राजा नहपानाचा जावई, ज्याच्याशी गौतमीपुत्राचं युद्ध झालं तो पक्ष. गावाचं नाव दोन हुकमांत किंचित वेगळं कोरलंय, पण शेत तेच असावं असं मानायला जागा आहे. म्हणजे शत्रूची जमीन जिंकली, घाईने दान दिली, आणि सहा वर्षांत कळलं की तिथे नांगर धरायला माणूसच नाही. युद्धाने गाव उठलं असेल, किंवा जुन्या मालकाबरोबर कुळं गेली असतील. लेख कारण देत नाही. पण एवढं कळतं की राजाच्या हुकमाने शेत मिळतं, पीक मिळत नाही. आणि २००च्या जागी १०० का, हेही लेख सांगत नाही. चांगल्या सकस जमिनीचं १०० निवर्तनं पडीक २००ला भारी पडेल, हे मात्र त्या ओसरीतल्या भिक्षूंनाही कळत असणार!

अशी अदलाबदल ही एकदाच घडलेली गोष्ट नाही. पुळुमावीच्या २२व्या वर्षाचा हुकूम त्याच लेण्यात आहे. त्यातही आधी दिलेल्या सुदसण गावाऐवजी सामलिपद गाव दिलंय. सम्राटाच्या विजयांच्या शेजारीच जमीन-महसुलाच्या दुरुस्त्या कोरलेल्या आहेत.

मग यातलं प्रमाण कुठलं मानायचं? इथे आम्हाला आमच्या जुन्या ओळखीची मंडळी आठवतात, मीमांसक. वेदवाक्यांचा अर्थ लावताना त्यांनी एक फार कामाचा भेद केला. काही वाक्यं 'विधी' असतात : अमुक कर. आणि काही 'अर्थवाद' : जे करायचं त्याची स्तुती, त्याची हकिकत. स्तुतीच्या वाक्याला स्वतःचं वेगळं प्रामाण्य नाही, विधीकडे माणसाचं मन वळवणं हे तिचं काम. दानलेख बघा. 'शेत द्यावं' हा विधी. आधीची लांबलचक प्रशस्ती हा अर्थवाद.

पण मीमांसकांनी अर्थवाद टाकून दिला नाही. त्याच्याही तीन जाती केल्या. दुसऱ्या प्रमाणाच्या विरुद्ध जाणारा तो गुणवाद : यज्ञातल्या खांबाला सूर्य म्हणणं, तिथे शब्दशः अर्थ घ्यायचा नाही. दुसऱ्या प्रमाणाने आधीच माहीत असलेलं सांगणारा तो अनुवाद : अग्नी हा थंडीवरचा उपाय आहे, असं वाक्य. आणि ज्याला विरोधही नाही, दुजोराही नाही, तो भूतार्थवाद : इंद्राने वृत्रावर वज्र उगारलं, या जातीचा. ही मांडणी वेदवाक्यांसाठी होती. प्रशस्तीला ती लावायचं धाडस आमचं, दोष असेल तर तोही आमचा.

तर लावून बघू. 'क्षहरातांचा वंश निःशेष केला.' १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, सगळी नहपानाची, आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला. शत्रूचा चेहरा, त्यावर आपली मोहोर. हा दुजोरा. पण कशाला, तेही नीट बघा. नहपानाचा पैसा गौतमीपुत्राच्या हाती आला, एवढं नाणी सांगतात. वंश निःशेष झाला की नाही, ते नाणी सांगत नाहीत.

'चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला.' कान्हेरीला पाण्याच्या टाक्याच्या दानाचा एक लेख आहे. त्यात वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख येतो. ही राणी कार्दमक कुळातली, एका महाक्षत्रपाची मुलगी, म्हणजे शकांची लेक. गौतमीपुत्राच्याच घरात शकांची सून! तेव्हा संकर थांबवल्याचं वाक्य कुठल्या जातीत टाकायचं ते तुम्हीच ठरवा. आज जातीच्या अभिमानासाठी आणि जातीच्या रागापोटी, दोन्ही बाजूंनी हे वाक्य फडकवलं जातं. दोन्ही पक्ष ते विधी असल्यासारखं वाचतात, कान्हेरीच्या टाक्यापर्यंत कुणी जात नाही.

आणि देशांची यादी? गुजरातेत जुनागढच्या खडकावर महाक्षत्रप रुद्रदामनचा शके ७२चा, म्हणजे इसवी सन १५०चा लेख आहे. त्याच्या ताब्यातल्या देशांच्या यादीत आकर-अवंती, अनूप, सुराष्ट्र, कुकुर, अपरांत ही नावं आहेत. तीच पाच नावं बलश्रीच्या यादीतही आहेत. शिवाय रुद्रदामन म्हणतो, दक्षिणापथाच्या सातकर्णीला मी दोनदा हरवलं, पण जवळचं नातं म्हणून त्याचा नाश केला नाही. एकाने आमचे म्हटलेले देश, दुसराही आमचे म्हणतोय. दोन्ही लेख दगडावरच आहेत.

मग बलश्री खोटं बोलली का? आम्हाला तसं म्हणवत नाही. २४व्या वर्षाच्या त्या पडीक शेताच्या हुकमात राजाबरोबर राजमातेचंही नाव आहे, आणि तिला एक विशेषण आहे : 'जीवसुता', जिचा पुत्र जिवंत आहे ती. दाराच्या वरच्या लेखात तो पुत्र नाही. नातू गादीवर बसून १९ वर्षं झाली आहेत, आणि म्हातारी आजी आपल्या गेलेल्या मुलाबद्दल बोलतेय. न्यायदर्शनात आप्ताच्या वचनाला शब्दप्रमाण म्हणतात, आणि आप्त म्हणजे जसं आहे तसं जाणणारा आणि तसंच सांगणारा. आई मुलाबद्दल या अर्थाने आप्त असते का, हा प्रश्न आम्ही तसाच सोडतो. पण तो लेख राज्याचा नकाशा म्हणून वाचण्याआधी आईचं बोलणं म्हणून वाचायला हवा.

आता उषवदाताची गोष्ट राहिली. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात त्याचे लेख आहेत. तोही कमी नाही. तीन लाख गाई दिल्या, घाट बांधले, नावा फुकट ठेवल्या, सगळं सांगतो. पण एके ठिकाणी आकडे येतात आणि मग तो आपल्या घरच्या कारकुनासारखा बोलू लागतो. ३००० कार्षापण गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या श्रेणींकडे ठेव ठेवलेत. एका श्रेणीकडे २०००, व्याज शेकडा एक. दुसरीकडे १०००, व्याज शेकडा पाऊण. मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. २०००च्या व्याजातून लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी.

शेकडा एक म्हणजे दरमहा की दरसाल? आकडेमोड करा. २० भिक्षू, प्रत्येकी १२, एकूण २४०. आणि २०००वर दरमहा शेकडा एक म्हणजे वर्षाला बरोबर २४०. दर महिन्याचाच! उषवदाताने फुशारकी मारली असेल, पण हिशोब जुळवलाय, कारण हिशोब चुकला असता तर कोष्ट्यांनी आणि भिक्षूंनी त्याला धरलं असतं. शिवाय हे सगळं निगमसभेत ऐकवलं आणि फलकावर नोंदवलं, असंही लेख म्हणतो. म्हणजे खरं दप्तर शहरात होतं, फळ्यांवर. ते गेलं. आपल्या हाती आली ती डोंगरावरची नक्कल.

एक शब्द तिथे कान देऊन ऐकण्यासारखा आहे. पाऊण टक्क्यासाठी लेखात शब्द आहे 'पायून'. आपण आजही पाऊण म्हणतो! मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा नाणेघाटातल्या 'महारठी' शब्दाचा मोठा गजर झाला. महारठी हा शब्द खरोखर तिथे आहे. पण ती पदवी आहे. कार्ल्याला सिंहस्तंभ देणारा अग्निमित्रणक महारठी आहे, बेडशाच्या लेण्यात सामडिनिका नावाची महारठिनी आहे. पदवीच्या नावातून भाषेचं वय काढणं म्हणजे सरदेशमुख आडनावावरून व्याकरण लिहिण्यासारखं झालं. त्यापेक्षा कोष्ट्यांच्या व्याजाचा 'पायून' आमच्या मते जास्त भरवशाचा, कारण तो अभिमानासाठी कोरलेला नाही.

अर्थात कानही फसवतो. त्या २०० निवर्तनांच्या हुकमात 'अजकालकिय' असा शब्द आहे. मराठी माणसाला लगेच त्यात 'आजकाल' ऐकू येतं, आणि काही विद्वानांनी 'आजवर उषवदाताने भोगलेलं' असा अर्थ लावलाही आहे. दुसरे म्हणतात, ते शेताचं नाव आहे. आपल्याला गोड वाटतो म्हणून पहिला अर्थ खरा ठरत नाही.

आणि चूक फक्त हौशी माणसांची होते असं नाही. वाकाटकांच्या ताम्रपटांत प्रभावतीगुप्ता राणीच्या वडिलांचं नाव 'देवगुप्त' असं येतं. फ्लीटसारख्या मोठ्या पंडिताने तो मगधाचा, सातव्या शतकातला देवगुप्त धरला, आणि अख्खं वाकाटक घराणं काही शतकं पुढे ढकललं गेलं. मग विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात प्रभावतीगुप्तेचा स्वतःचा ताम्रपट पुढे आला. के. बी. पाठक आणि के. एन. दीक्षित यांनी तो प्रसिद्ध केला. त्यात तिने आपल्या माहेरची, गुप्तांची वंशावळ आधी दिली आहे आणि वडील म्हणून चंद्रगुप्ताचं नाव घेतलंय, समुद्रगुप्ताच्या मुलाचं. झालं! घराणं चौथ्या-पाचव्या शतकात आपल्या जागी येऊन बसलं. सासरच्या राज्याचा कारभार लहान मुलाच्या वतीने चालवणाऱ्या बाईला माहेर सांगावंसं वाटलं, म्हणून आपल्याला कालगणना मिळाली. या ताम्रपटाला 'पुणे ताम्रपट' म्हणतात. पण पुणेकरांनी फार हुरळून जाऊ नये, तो दिला गेला नंदिवर्धनहून, म्हणजे विदर्भातल्या रामटेकजवळून.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. शिलालेखाचा ठसा घ्यायची रीत साधी आहे. दगड स्वच्छ करायचा, ओला कागद चिकटवायचा, ब्रशने ठोकून अक्षरांच्या खाचेत बसवायचा आणि मग वरून शाईचा बोळा फिरवायचा. खाच पांढरी राहते, बाकी काळं. यात वाचणाऱ्याचं मत येत नाही. पण फोटो चांगला यावा म्हणून लोक अक्षरांत खडू भरतात. आम्हीही एकदा, फार पूर्वी, एका गावातल्या देवळाबाहेरच्या लेखात खडू भरला होता. घरी येऊन फोटो बघितला तर आम्हाला जे वाचायचं होतं तेच स्वच्छ उमटलेलं! जिथे दगड झिजला होता तिथे आमच्या हाताने अक्षर पुरं केलं होतं. काही वर्षांनी पुन्हा गेलो, तर जीर्णोद्धारात त्या दगडावर ऑइलपेंटचे दोन हात चढले होते. आता तिथे आमचा फोटो तेवढा आहे, आणि तो खोटा आहे.

तुम्ही पांडवलेण्यांवर जाल तेव्हा तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत दाराच्या वरचा लेख बघाच, तो चुकणार नाही. पण नंतर बाजूच्या भिंतीकडे वळा आणि छताच्या लगत बघा. मोबाइलचा उजेड समोरून टाकू नका, भिंतीच्या कडेने तिरपा धरा, म्हणजे खाचेत सावली पडते. खालचा लेख त्या न वसलेल्या गावाचा आहे. खडू नेऊ नका.